सीमाप्रश्न : निकाल लागेपर्यंत काय करायचं?

शहापूरकर (धागा सुरू करणारा)

डिसेंबर २०२२. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं म्हणून पुण्याहून बेळगावला निघालो होतो. त्याच आठवड्यात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, इकडं कर्नाटकच्या गाड्यांना काळं फासलं गेलं. दोन्हीकडच्या एसट्या बंद. आमची गाडी कागलला थांबली, कंडक्टर म्हणाला, "पुढं जात न्हाई, उतरा." बॅग खांद्याला लावून दूधगंगेचा पूल चालत ओलांडला. बरोबर हुबळीचे एक आजोबा होते. नातवाला घेतलेली तीनचाकी सायकल काखोटीला मारून चालत होते, मधे दम लागला की सायकल खाली ठेवून तिच्याकडंच बघत उभे राहायचे. ते कन्नडमध्ये विचारत होते, मी मराठीत सांगत होतो. आमच्या भागात निम्मं बोलणं असंच चालतं, त्यात नवल काही नाही. पुलाच्या अलीकडं पोलिसांनी बॅगा बघितल्या, पलीकडच्यांनी परत बघितल्या. आजोबांच्या सायकलची घंटी दोघांनीही वाजवून पाहिली!

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते लिहितो. शिव्या पडणार हे माहीत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग आला. १९६७ च्या अहवालात त्यांनी बेळगाव शहर तिकडंच ठेवलं, निपाणी-खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, आणि अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापुरातली गावं कर्नाटकाला द्या म्हटलं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. मग २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. मी तेव्हा कॉलेजात होतो. आज माझ्या पोरीची दहावी झाली.

आपली मागणी आधी ८१४ गावांची होती, आता ८६५ म्हणतो. गावं वाढली, पण मतं? महाराष्ट्र एकीकरण समितीचा २०१८ ला एकही आमदार आला नाही, २०२३ ला नाही. २०२१ ला बेळगाव महापालिकेत ५८ पैकी ३५ जागा भाजपच्या. त्या ३५ जणांना मत देणाऱ्यांत मराठी माणसं होती, आमच्या गल्लीतलीच होती.

माझं म्हणणं असं. खटला चालू राहू दे. पण रोजचा जोर जमिनीवरून काढून भाषेवर लावावा. शाळा, कागदपत्रं, पाट्या. आणि जे तिकडं मागायचं तेच जत-अक्कलकोटच्या कानडी लोकांना आपण इकडं आधी द्यावं. आणखी एक, १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवाच्या दिवशी, काळा दिन पाळणं थांबवावं. शेजाऱ्याच्या घरी लग्न असताना आपण दारात सुतक पाळून बसायचं, हे किती वर्षं?

हिंडलगा_रोड

पुण्यात बसून लिहिणं सोपं असतं हो.

शेजाऱ्याच्या घरी लग्न म्हणता? ते लग्न आमच्या घरात, आम्हाला न विचारता लावलंय. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, तेव्हा राज्य पुनर्रचना व्हायचीच होती. लोकांनी आधीच सांगितलं होतं की आम्हाला तिकडं ढकलू नका. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं त्यात माझे वडील होते. त्यांचा डावा हात शेवटपर्यंत खांद्याच्या वर गेला नाही. गंजी घालताना आई बाही धरायची. त्यात गेलेल्यांचं हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. दरवर्षी १ जूनला आम्ही जातो. तेही थांबवू का?

काळा दिन म्हणजे काय असतं ते तरी माहीत आहे का, की पेपरात वाचता? सायकल फेरी असते. काळे कपडे घालतो, फेरी काढतो, सभा होते, घरी येतो. दगड आम्ही मारत नाही. ६०-७० वर्षं एखाद्या गावानं एवढ्या शिस्तीनं नाराजी नोंदवली असेल, तर त्याचा अभिमान वाटायला हवा.

निवडणुकीचं म्हणाल तर समितीत गट झाले, एकाच जागेवर समितीचेच उमेदवार एकमेकांविरुद्ध उभे राहिले. तो आमचा करंटेपणा. म्हणून लोकांना महाराष्ट्र नको झाला असं होत नाही.

सडेतोड

हिंडलगा_रोड +१. आणि एकदा भाषेवर तडजोड केली की उद्या सोलापूर मागतील. २०२२ ला त्यांच्या मुख्यमंत्र्यांनी जतवर बोट ठेवलंच होतं. बोट दिलं की हात धरतात.

वकिली_चष्मा

थोडं शांतपणे.

खटला राज्यघटनेच्या कलम १३१ खाली आहे, म्हणजे राज्य विरुद्ध राज्य. कर्नाटकाचा मुख्य बचावच असा की सीमा बदलणं हे कलम ३ प्रमाणे संसदेचं काम, कोर्टानं यात पडू नये. महाराष्ट्राचं म्हणणं, खेडं हा घटक धरा, सलगता बघा, बहुसंख्येची भाषा बघा. हे तत्त्व आंध्र आणि मद्रास यांच्या वादात मध्यस्थ पाटसकरांनी वापरलं होतं आणि ते दोघांनी मानलं. मग इथं का नको? प्रश्न रास्त आहे. कर्नाटक म्हणतं, महाजन अहवाल जसाच्या तसा घ्या नाहीतर आहे तसं राहू द्या. गंमत अशी की अहवाल जसाच्या तसा घेतला तर निपाणी आणि खानापूर इकडं येतात, आणि आपल्याला अक्कलकोट सोडावं लागतं. दोन्ही राज्यांत कुठल्याच पक्षाला हे निवडणुकीच्या सभेत सांगता येणार नाही. म्हणून ते कपाटात आहे.

पण शहापूरकरांच्या मुद्द्याला कायद्याचा चांगला आधार आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०अ आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत. ३५०ब नं त्यांच्यासाठी एक खास अधिकारी, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त, नेमला. त्याच वर्षीच्या केंद्राच्या निवेदनात असंही आहे की जिथं अल्पसंख्याक भाषिक १५ टक्के किंवा जास्त, तिथं महत्त्वाच्या सूचना-नियम त्यांच्या भाषेतही काढावेत. बेळगाव, खानापूर, निपाणी इथं १५ टक्क्यांची अडचण नाही. हे मागायला सुप्रीम कोर्टाच्या तारखेची वाट बघावी लागत नाही.

हिंडलगा_रोड

मागितलंय. किती वेळा मागितलंय ते विचारा. मोर्चे काढलेत, निवेदनं दिलीत, पोचपावत्यांची फाइल आहे माझ्याकडं. आयुक्तांचा अहवाल येतो, संसदेत ठेवतात, संपलं.

धारवाडी_पेढा

मी कन्नडिग. मराठी आजीकडून आणि नाटकांतून आली, चुकलं तर सांभाळून घ्या.

हिंडलगा_रोड यांच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. ते मनापासून. पण इथं एक गोष्ट कधीच येत नाही, ती सांगतो. तुमची गोष्ट १९५६ ला सुरू होते. आमची १०० वर्षं आधी.

इंग्रज आल्यावर धारवाड-बेळगाव मुंबई इलाख्यात गेलं. सरकारी शाळा उघडल्या त्या मराठी. धारवाडमध्ये! घरी कन्नड बोलणारं पोर शाळेत मराठी धडे घोकायचं. पुढं डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणखात्यातल्या माणसांनी खटपट करून कन्नड शाळा काढायला लावल्या. १८९० ला धारवाडला कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला तो याच रागातून, की आमच्याच गावात आमची भाषा मागच्या दारानं का यावी. माझी आजी कचेरीतल्या कारकुनाशी मराठीत बोलायची, कारण कन्नड बोललं तर तो वर बघायचाच नाही. ती हे हसत सांगायची. हसण्यासारखं नव्हतं ते.

आता बेळगाव. १९२४ च्या डिसेंबरात तिथं काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते तिथं. त्याच मांडवात हुयिलगोळ नारायणरावांचं कन्नड नाडूच्या उदयाचं गीत म्हटलं गेलं. आमच्या एकीकरणाचं स्वप्न ज्या गावात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं गेलं ते गाव बेळगाव. आणि तुमचं? १९४६ चं साहित्य संमेलन, माडखोलकर अध्यक्ष, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव. कुठं? बेळगावलाच. २२ वर्षांच्या अंतरानं एकाच गावात दोन लोकांनी आपापल्या राज्याचा नारळ फोडला. मग ते गाव एकट्या कुणाचं कसं म्हणणार?

आणि दगडांचं. साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत उडप्यांची हॉटेलं फुटली, त्यात माझ्या आजोबांचे दोन भाऊ होते. त्याची आमच्याकडं सायकल फेरी निघत नाही एवढंच.

सडेतोड

म्हणजे १८५० च्या शाळांचा सूड १९८६ ला हिंडलग्याच्या पोरांवर? छान.

धारवाडी_पेढा

सूड म्हणालो नाही. भीती म्हणालो. ज्याची भाषा एकदा घरातून हाकलली गेली तो दाराला दोन कड्या लावतो. दुसरी कडी चूक आहे हे मला मान्य आहे. शाळांत कन्नडला पहिलं स्थान मागणाऱ्या गोकाक चळवळीत माझे काका मिरवणुकीत होते. त्यांचा राग संस्कृत घेऊन कन्नड टाळणाऱ्यांवर होता, मराठी त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. नंतर त्यातून आलेल्या नियमाचा वरवंटा बेळगावच्या मराठी पोरांवर फिरला, हे त्यांना कळलं तेव्हा ते गप्प बसले. एवढंच. गप्प बसले.

अनगोळची_सून

इतिहास झाला असेल तर मी घरातलं बोलू का?

माहेर सांगली, सासर बेळगावातलं अनगोळ, १४ वर्षं झाली. सासऱ्यांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. शेताचा उतारा कन्नडमध्ये. लाइटबिल कन्नडमध्ये, रेशनकार्ड कन्नडमध्ये. दर महिन्याला ते बिल घेऊन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातात, दुकानदार अण्णा लिंगायत, ते वाचून दाखवतात. सत्तरीचा माणूस, १२ एकरांचा मालक, आणि स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतो. अण्णा चांगले आहेत. ते नसते तर? मागच्या वर्षी वाटणीच्या वेळी उताऱ्यावर एका चुलत दिराचं नाव एक अक्षर चुकून पडलेलं. सासऱ्यांच्या डोळ्यांसमोरून तो कागद चार महिने गेला, त्यांना दिसलं नाही. दिसणार कसं? दुरुस्तीला सात खेटे आणि एजंटाचे पैसे.

निवडणूक आली की मात्र सगळ्या पक्षांची पत्रकं मराठीत येतात. गुळगुळीत कागद, शिवाजी महाराजांचा फोटो, शुद्धलेखनसुद्धा बरं असतं.

नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान आहे. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा २०२४ चा कायदा. केलं. वर कन्नड मोठं, खाली मराठी लहान, इंग्रजी त्याहून लहान. तरी एका संघटनेची पोरं येऊन मराठी ओळीवर काळा ब्रश मारून गेली. पेंटरनं परत लिहिलं. परत मारला. आता ती ओळ आम्ही काचेच्या आतून चिकटवलीय.

धाकटी चौथीत आहे, मराठी शाळा. वर्गात ११ पोरं. शेजारच्या इंग्रजी शाळेत ५२. मला सांगा, बेळगाव उद्या महाराष्ट्रात आलं तर ती ११ ची ५२ होतील का? सांगलीत माझ्या भावाच्या वॉर्डातली मराठी शाळा पटसंख्येवरून बंद व्हायला आलीय. तिथं कुठला कर्नाटक आहे?

शहापूरकर

हेच. हेच मला म्हणायचं होतं आणि मी आकडेच देत बसलो.

हिंडलगा_रोड

ताई, तुमचं सगळं खरं. पण काचेच्या आतून पाटी लावायची वेळ का आली ते बघा. तिथं तुम्ही पाहुण्या नाही आहात, आणि तरी पाहुण्यासारखं राहावं लागतंय. शहापूरकर म्हणतात दावा बाजूला ठेवा. दावा ठेवला बाजूला तर आतली पाटीपण जाईल. आज जी थोडी भीड आहे ती दाव्यामुळंच आहे.

जतकर_मास्तर

नमस्कार. मी जत तालुक्यातला. कन्नड माध्यमाच्या शाळेत शिक्षक, शाळा महाराष्ट्र सरकारच्या अखत्यारीतली. घरी कन्नड, हपिसात मराठी.

सडेतोड साहेबांनी जतचा उल्लेख केला म्हणून लिहितो. २०२२ ला कर्नाटकानं बोट ठेवलं ते वाऱ्यावर नव्हतं. पूर्व भागातल्या ग्रामपंचायतींनी त्याच्या आधी काही वर्षं कर्नाटकात जातो म्हणून ठराव केले होते. भाषेसाठी नाही हो. पाण्यासाठी. आमच्याकडं मार्च उजाडला की टँकर. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी तालुक्याच्या पश्चिमेला आलं, पूर्वेची गावं वाट बघत राहिली. तो वाद पेटला तेव्हा कर्नाटकानं त्यांच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी तिकोंडीच्या तलावात सोडलं. लोक बघायला गेले. म्हाताऱ्या बायकांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर मुंबईला आमची आठवण आली आणि विस्तारित म्हैसाळला मंजुरीची धावपळ झाली. भांडणाचा फायदा आयुष्यात एकदाच झाला तो असा.

आता शाळेचं. पुस्तकं कन्नडमध्ये येतात, पण उशिरा. परिपत्रकं सगळी मराठीत, ती मी पालकांना कन्नडमध्ये सांगतो. शेजारच्या वस्तीवरच्या कन्नड शाळेत ज्यांना कन्नडचं अक्षर येत नाही असे गुरुजी नेमून पाठवले. बिचारे पहिलीच्या वर्गात उभे. पोरं काय म्हणतात ते गुरुजींना कळेना, गुरुजी काय म्हणतात ते पोरांना. शेवटी चौथीतली एक मुलगी दुभाषी झाली. गुरुजी वाईट नाहीत, मेहनत करतात, आता क-ख-ग गिरवतायत पोरांबरोबर. पण ताईंच्या सासऱ्यांचं वाचलं तेव्हा मला आमची ती मुलगी आठवली.

बेळगावात मराठीवर अन्याय झाला की आमच्याकडं मोर्चा निघतो आणि आम्हालाही त्यात उभं करतात. मी दोनदा उभा राहिलो. घोषणा मराठीत दिल्या.

धारवाडी_पेढा

मास्तर, 🙏 ऊटा आतेन्री (जेवण झालं का)? पहिल्यांदाच या धाग्यावर कुणीतरी आमच्या बाजूचं आणि तुमच्या बाजूचं एकाच दमात बोललं.

जतकर_मास्तर

आतु री. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. ती दोन्ही राज्यांत सारखीच लागते.

आल्प्सपायथा

मी सात वर्षं इन्सब्रुकला आहे, खिंड ओलांडली की इटलीचं दक्षिण टिरोल. तिथली गोष्ट इथं बसते म्हणून सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाचा हा जर्मन बोलणारा तुकडा इटलीला दिला. मुसोलिनीनं जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलून इटालियन केली, लोक पोरांना तळघरांत चोरून जर्मन शिकवायचे. १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे कितीतरी मनोरे उडवले. आज? पाट्या दोन्ही भाषांत, सरकारी नोकरीला दोन्ही भाषांची परीक्षा, नोकऱ्या भाषिक प्रमाणात वाटलेल्या. जिल्हाभर जर्मन जास्त आणि मुख्य शहर बोल्झानोत इटालियन जास्त. बेळगाव उलटं करून ठेवलंय जसं काही. १९७२ चा स्वायत्ततेचा कायदा आणि १९९२ ला दोन्ही देशांनी वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. सीमा एक इंचही हलली नाही. आता तिथं नाक्यावर गाडीसुद्धा थांबत नाही सहसा.

म्हणजे शहापूरकर बरोबर. रेषा सोडा, भाषा धरा.

हिंडलगा_रोड

थांबा थांबा. १९६० ला तो प्रश्न संयुक्त राष्ट्रांत कुणी नेला?

आल्प्सपायथा

ऑस्ट्रियानं.

हिंडलगा_रोड

मग? ऑस्ट्रिया पाठीशी उभा राहिला, आमसभेत ठराव करवला, इटलीला टेबलावर बसवलं, तेव्हा कुठं ७२ चा कायदा झाला. "आमची माणसं आहेत ती, आम्ही सोडणार नाही" असं कुणीतरी बाहेरून म्हणत राहिलं म्हणून आतल्यांना मिळालं. तुमच्या उदाहरणानं माझंच म्हणणं सिद्ध झालं साहेब. दावा म्हणजे तरफ आहे. ती टाकून दिली तर दगड हलणार कशानं?

आल्प्सपायथा

हे... मान्य करावं लागेल. पण ऑस्ट्रियानं शेवटी मागितली ती स्वायत्तता. भूमी मागत राहिला असता तर इटली बसली नसती.

वकिली_चष्मा

इथं एक फरक आहे. तिथं दोन देश होते, इथं दोन्हींच्या वर दिल्ली आहे. १४ डिसेंबर २०२२ ला दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून गृहमंत्र्यांनी तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरवली. पुढच्या दोन आठवड्यांत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध एकमतानं ठराव केले. समितीपेक्षा ठराव जोरात चालले.

महाराष्ट्रानं ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली, त्यावरून परत बोंबाबोंब. मला ती योजना वाईट वाटत नाही. पण बघा, आपण सीमेपलीकडच्या मराठी माणसाच्या ऑपरेशनचे पैसे द्यायला तयार आहोत आणि सीमेच्या अलीकडच्या कानडी पोराला कन्नड येणारा गुरुजी देत नाही. कोर्टात कर्नाटकाचा वकील उद्या मास्तरांची ती चौथीतली दुभाषी पुढं करेल, तेव्हा आपल्याकडं काय उत्तर आहे?

सडेतोड

आपण दिलं तर ते देतील याची हमी कुणाची? २०१२ ला बेळगावात सुवर्ण विधानसौध (विधिमंडळाची दुसरी इमारत) बांधली, २०१४ ला बेळगावचं बेळगावी केलं, त्याच वर्षी येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक पोलीस लावून उखडला आणि घरात घुसून मारलं. यांच्याशी करार?

धारवाडी_पेढा

येळ्ळूरचे व्हिडिओ मी पाहिलेत. लाजिरवाणं होतं. कन्नडमध्येही तसं लिहिलं होतं मी तेव्हा, शिव्या खाल्ल्या. ते "यांच्याशी" मधे मी पण येतो का, एवढं सांगा.

सडेतोड

तुम्ही नाही. तुम्ही बेंद्रे वगैरे वाचणारे लोक. रस्त्यावरचे वेगळे.

धारवाडी_पेढा

बेंद्र्यांचं नाव निघालंच तर. घरी मराठी, कविता कन्नड, १२ वर्षं सोलापुरात कॉलेजात कन्नड शिकवलं, मराठीतही लिहिलं. तुमचे जी. ए. आमच्या धारवाडात इंग्रजी शिकवत राहिले. सुळेभावीचा कोमकळीमठांचा मुलगा देवासला जाऊन कुमार गंधर्व झाला. पण मला ही यादी द्यायचा कंटाळा आलाय. दरवेळी भांडण झालं की दोन्हीकडचे लोक भीमसेनांना मधे उभं करतात, टाळ्या होतात, आणि अनगोळच्या ताईंच्या सासऱ्यांचं बिल कन्नडमध्येच राहतं.

शहापूरकर

खूप वाचलं, दोन दिवस विचार केला.

काळ्या दिनाबद्दल मी जे लिहिलं ते मागं घेतो. हिंडलगा_रोड, तुमच्या आईनं बाही धरायची ते डोक्यातून जाईना. कुणी कशाचं दुःख किती वर्षं धरावं हे पुण्यातून ठरवायला नको होतं. ऑस्ट्रियाचाही मुद्दा पटला, दावा पूर्ण सोडून मिळत नाही काही.

पण उरलेलं मागं घेत नाही. जतच्या शाळेला गुरुजी मिळेपर्यंत आपल्याला बेळगावच्या शाळेबद्दल मोठ्यानं बोलायला तोंड नाही. सडेतोड हमी मागतात. हमी नाही. तरी द्यावं. ते कानडी पोर महाराष्ट्राचं आहे, त्याला गुरुजी देणं हा सौदा नाहीच.

हिंडलगा_रोड

मागं घेतलंत, बरं वाटलं. जतचं म्हणाल तर मास्तरांचं वाचून मीही गार पडलो. आमच्या समितीच्या बैठकीत हे कधीच निघालं नाही. काढतो. ऐकतील का माहीत नाही.

अनगोळची_सून

वकिलसाहेब, ते १५ टक्क्यांचं. आमच्या सासऱ्यांच्या उताऱ्याची मराठी प्रत मागायची तर अर्ज कुणाला करायचा? आणि कुठल्या भाषेत?

वकिली_चष्मा

तहसीलदार, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आणि एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. १९५६ चं निवेदन "सूचना-नियम" म्हणतं, वैयक्तिक उतारा त्यात बसतो का यावर ते वाद घालतील. घालू द्या. नकार आला तरी लेखी घ्या. मी इंग्रजी मसुदा करून देतो.

धारवाडी_पेढा

कन्नड प्रत माझ्याकडं लागली. तहसील कचेरीत कन्नड असेल तर निदान उघडून वाचतील. चांगलं कन्नड लिहीन, कारकून लाजेल असं.

हिंडलगा_रोड

मराठी मी लिहितो. पोचपावतीसाठी स्वतः बरोबर येतो, ताई, वार कळवा. १ नोव्हेंबर सोडून कुठलाही, त्या दिवशी सायकल आहे.

जतकर_मास्तर

मसुदा झाला की मलापण पाठवा. मी "मराठी"च्या जागी "कन्नड" आणि "कर्नाटक"च्या जागी "महाराष्ट्र" घालून इकडं देतो. दोन प्रती करा, आमच्याकडं एक नेहमी गहाळ होते.